चारशे घोडे, चार तळहात

विद्यार्थिमित्रांनो, एखादा पैलवान कितीही बलदंड असला, तरी तेल सांडलेल्या गुळगुळीत फरशीवर त्याला कुस्ती खेळायला लावले तर काय होईल? डाव टाकायला तो जोर लावील आणि स्वतःच सपशेल आडवा होईल! दंडात ताकद असून भागत नाही. ती ताकद जमिनीत रोवणारे पायही लागतात. म्हणून तर आखाड्यात माती घालतात.

ही गोष्ट आठवायचे कारण म्हणजे अमेरिकेतून आलेले एक पत्र. पत्र लिहिणारा काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात पदार्थविज्ञान शिकत होता. आता तो मिशिगन राज्यात नोकरी करतो. लहानपणापासून त्याला मोटारींचे वेड. दोन वर्षे पैसे साठवून त्याने नुकतीच एक जुनी, २०१६ सालची फोर्ड मस्टँग जी.टी. विकत घेतली. पत्रात त्याने लिहिले होते, "सर, गाडी आणखी जोरदार करायची आहे. इंजिनात हवा कोंबणारा सुपरचार्जर, नवे एक्झॉस्ट, गार हवेची नळी, मोठी चाके, अशी यादी केली आहे. पैसे मात्र एखाद्‌दुसऱ्या गोष्टीपुरतेच आहेत. पहिली सुधारणा कोणती करू?"

आणि पत्राच्या शेवटी, सहज म्हणून लिहावे तसे, एक वाक्य होते. "गेल्या आठवड्यात पाऊस पडत असताना वळणावर जरा जोरात पेडल दाबले, तर मागची बाजू एकदम घसरून गाडी अर्धी फिरली. बायको शेजारी होती. मागून कोणी येत नव्हते म्हणून वाचलो."

मी ते शेवटचे वाक्य दोनदा वाचले. त्याच्या प्रश्नाचे उत्तर त्याच वाक्यात होते! ते कसे, ते आता आपण पाहू.

मसल कार म्हणजे काय?

मसल म्हणजे स्नायू. मध्यम आकाराच्या, साध्या गाडीत भले मोठे आठ सिलिंडरचे इंजिन बसवले की अमेरिकन लोक तिला मसल कार म्हणतात. ही लाट खऱ्या अर्थाने सुरू झाली ती १९६४ साली. त्या वर्षी पाँटिअ‍ॅक कंपनीने जी.टी.ओ. नावाची गाडी काढली. जॉन डिलोरियन हे तेव्हा कंपनीचे मुख्य अभियंता होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका मध्यम गाडीत ३८९ घनइंचांचे, म्हणजे जवळजवळ ६.४ लिटरचे इंजिन बसवले. त्याची शक्ती होती ३२५ अश्वशक्ती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात फोर्डची मस्टँग लोकांसमोर आली. जाणकार तिला 'पोनी कार' म्हणजे तट्टू म्हणतात, पण आजची मोठ्या इंजिनाची मस्टँग सर्रास मसल कारमध्येच मोजली जाते.

आता गंमत पाहा. १९६४ च्या त्या जी.टी.ओ.ला चारही चाकांना जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक होते आणि टायर आजच्या मानाने फारच अरुंद होते. छाती पैलवानाची आणि पायात मात्र लहान मुलाच्या चपला! पुढे १९७० चा स्वच्छ हवेचा कायदा, विम्याचे चढे दर आणि १९७३ ची तेलटंचाई यांमुळे ही लाट ओसरली. नंतर ती पुन्हा आली आणि गाड्याही पुष्कळ सुधारल्या. पण "आधी इंजिन, बाकीचे नंतर" ही हौशी मालकांची खोड मात्र गेली नाही.

गाडीला पुढे कोण ढकलते?

हा प्रश्न मी वर्गात विचारला की मुले एका सुरात म्हणतात, "इंजिन!" उत्तर चूक आहे. गाडी जॅकवर उचलून चाके हवेत ठेवा आणि इंजिन खुशाल गर्जू द्या. चाके गरगर फिरतील, गाडी मात्र तसूभरही पुढे सरकणार नाही. इंजिन फक्त चाक फिरवते. फिरणारे चाक रस्त्याला मागे रेटते आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार रस्ता चाकाला पुढे रेटतो. गाडीला पुढे ढकलणारे बल हे रस्त्याचे घर्षणबल असते.

हे घर्षण होते तरी किती जागेवर? मस्टँगचे वजन चालकासह सुमारे १७५० किलो धरू. म्हणजे एका टायरवर सरासरी ४३७ किलोंचा भार. टायरमधील हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.२ किलो असतो. भागाकार करा. एक टायर रस्त्याला टेकतो तो जेमतेम २०० चौरस सेंटिमीटर जागेवर, म्हणजे १४ सेंमी लांब आणि १४ सेंमी रुंद अशा चौकोनावर. मोठ्या माणसाने बोटांसकट तळहात टेकवावा, तेवढीच ही जागा! चारशेच्या वर घोड्यांची सगळी मिजास अशा चार तळहातांवर उभी असते. त्यातही मस्टँगला पुढे रेटतात ती फक्त मागची दोन चाके.

आता थोडे गणित करू. घाबरू नका, गुणाकार-भागाकारापलीकडे त्यात काही नाही.

या गाडीच्या इंजिनाची शक्ती ४३५ अश्वशक्ती आहे. इंजिनाचा फिरवण्याचा जोर, ज्याला टॉर्क म्हणतात, जास्तीत जास्त ५४२ न्यूटन-मीटर. गाडी पहिल्या गिअरमध्ये असताना हा जोर गिअरपेटीत ३.६६ पट होतो आणि पुढे मागच्या आसावरील दात्यांमुळे आणखी ३.३१ पट होतो. म्हणजे एकूण सुमारे १२ पट, ६५०० न्यूटन-मीटरच्या आसपास. वाटेत साधारण सातवा हिस्सा घर्षणात वाया गेला असे धरू. उरलेल्या टॉर्कला चाकाच्या त्रिज्येने, म्हणजे ०.३४ मीटरने भागले की रस्त्याला रेटणारे बल मिळते. ते येते सुमारे १६,५०० न्यूटन.

आता रस्त्याची बाजू पाहू. उभ्या गाडीत मागच्या चाकांवर एकूण भाराच्या निम्म्याहून थोडा कमी भार असतो. गाडी जोरात सुटली की भार मागे झुकतो. बस एकदम सुटल्यावर तुम्हीही मागे झुकता ना, तसेच. हा झुकाव धरून मागच्या चाकांवर सुमारे ९५०० न्यूटन भार येतो. कोरड्या रस्त्यावर साधारण टायरचा घर्षणांक ०.९ धरला, तर जास्तीत जास्त घर्षणबल ८५०० न्यूटन.

दोन आकडे शेजारी शेजारी ठेवा. इंजिन देऊ शकते १६,५००. टायर घेऊ शकतात ८५००. उरलेले कुठे जाते? चाके जागच्या जागी फिरतात, रबर जळते आणि धूर निघतो. आजच्या गाड्यांमध्ये चाक घसरू लागल्याचे कळताच संगणक इंजिनाचा जोर आपणहून कमी करतो. म्हणजे या गाडीत आधीच असलेले घोडे सुरुवातीला वापरता येत नाहीत. मग आणखी घोडे विकत घेऊन त्यांना बांधायचे कुठे?

पावसात तर घर्षणांक ०.५ पर्यंत खाली येतो. तेव्हा टायर जेमतेम ४५०० न्यूटन पेलतात. शिवाय वळणावर गाडीला वळवण्याचे कामही त्याच घर्षणाने करायचे असते. माझ्या विद्यार्थ्याची गाडी अर्धी का फिरली, ते आता तुमच्या चटकन लक्षात येईल.

जास्तीची शक्ती कधी उपयोगी पडते?

शक्ती म्हणजे बल गुणिले वेग. वेग वाढत जातो तसे तेवढ्याच शक्तीत मिळणारे बल कमी होत जाते. गणित केले तर असे दिसते की साधारण ताशी १०० किलोमीटरच्या पुढे गेल्यावरच टायरऐवजी इंजिन अपुरे पडू लागते. म्हणजे नव्या अश्वशक्तीचा खरा उपयोग तिथून पुढे. मिशिगनमधील बहुतेक द्रुतगती महामार्गांवर वेगमर्यादा आहे ताशी ७० मैल, म्हणजे ११३ किलोमीटर. इतके पैसे घालून आणलेली शक्ती कामाला लागते न लागते, तोच कायदा म्हणतो, थांबा!

याउलट, चांगले टायर बसवून घर्षणांक ०.९ चा १.० झाला असे समजा. मागच्या चाकांचे बल ८५०० वरून ९८०० न्यूटनच्या पुढे जाते. इंजिनाच्या एका स्क्रूलाही हात न लावता सुरुवातीचे त्वरण सुमारे १५ टक्क्यांनी वाढले!

एक शंका

तुमच्यापैकी चौकस विद्यार्थी इथे हात वर करतील. "सर, पुस्तकात तर लिहिले आहे की घर्षण स्पर्शक्षेत्रावर अवलंबून नसते. मग लोक रुंद टायर का बसवतात?"

शंका अगदी योग्य आहे. हा नियम फ्रेंच शास्त्रज्ञ आमोंताँ यांनी १६९९ साली मांडला. लाकूड, धातू यांसारख्या टणक पदार्थांना तो बराचसा लागू पडतो. रबर मात्र वेगळ्या जातीचे. ते रस्त्याच्या बारीक खाचाखोचांत शिरून बसते, ताणले जाते आणि पुन्हा आकुंचन पावते. त्यावर दाब फार झाला की त्याचा घर्षणांक कमी होतो. रुंद टायरमध्ये भार सारखा पसरतो, रबर कमी तापते, आणि म्हणून जास्त मऊ, जास्त पकड देणारे रबर वापरता येते. पण रुंदीपेक्षाही महत्त्वाचे म्हणजे रबराची जात आणि वय. जुने रबर कडक होते. उन्हाळ्यासाठी बनवलेले टायर थंडीत, साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली, कडक होऊन पकड सोडतात. मिशिगनसारख्या बर्फाच्या प्रदेशात लोक हिवाळ्याचा वेगळा संच ठेवतात तो याचसाठी.

थांबण्याची शक्ती

आतापर्यंत आपण गाडी पळवली. आता ती थांबवू.

१७५० किलोची गाडी ताशी १०० किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिची गतिज ऊर्जा सुमारे ६,७५,००० जूल होते. ही ऊर्जा किती? तेवढ्या उष्णतेने दोन लिटर गार पाणी उकळेल! घरच्या शेगडीवर याला चांगली काही मिनिटे लागतात. ब्रेक मात्र एवढी उष्णता तीन-सव्वातीन सेकंदांत पोटात घेतात. जोरात ब्रेक दाबल्याच्या पहिल्या क्षणी त्यांची शक्ती ५७० अश्वशक्तीच्या वर जाते. म्हणजे गाडीतला सर्वांत बलवान भाग इंजिन नसून ब्रेक आहेत!

आणि वेग वाढला की ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग १०० चा १४० केला तर तो दीडपटही होत नाही, पण ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते. जो माणूस इंजिनाची शक्ती वाढवतो, तो ब्रेकवरचे ओझे न कळत वाढवत असतो.

ब्रेक एकदा दाबला तर पुढच्या बिडाच्या तबकड्या ५० अंशांच्या आसपास तापतात. काही बिघडत नाही. पण डोंगरउतारावर किंवा शर्यतीच्या मार्गावर लागोपाठ दहा वेळा दाबला, तर तापमान काही शे अंशांवर जाते. ही उष्णता ब्रेकच्या तेलापर्यंत पोचते. हे तेल हवेतली बाष्प हळूहळू शोषून घेते. 'डॉट ४' या प्रतीच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू २३० अंशांहून कमी असता कामा नये असे मानक आहे. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मिसळले की ही मर्यादा १५५ अंशांवर येते. तेल उकळले की वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, म्हणून तर पायाचा जोर पास्कलच्या नियमाने चाकापर्यंत पोचतो. वाफ मात्र सहज दाबली जाते. मग पेडल थेट तळाला टेकते आणि गाडी काही थांबत नाही! जुनी गाडी घेतल्यावर ब्रेकचे तेल बदलणे हे सगळ्यात स्वस्त काम आहे, आणि सर्वांत आधी विसरले जाते ते हेच.

इथेही शेवटचा शब्द टायरचाच. ब्रेक चाकाला थांबवतात, गाडीला थांबवते ते रस्त्याचे घर्षण. ताशी १०० किलोमीटरवरून थांबायला घर्षणांक १.० असेल तर ३९ मीटरहून थोडे जास्त अंतर लागते. तो ०.९ असेल तर सुमारे ४४ मीटर. "साडेचार मीटरच तर फरक!" असे म्हणू नका. समजा, दोन गाड्यांनी एकाच जागी ब्रेक दाबले. चांगल्या टायरची गाडी जिथे शांतपणे उभी राहिली, त्या जागेवरून दुसरी गाडी अजून ताशी ३२ किलोमीटर वेगाने पुढे जात असेल. तिथे एखादे मूल रस्ता ओलांडत असेल तर?

बाकीची यादी

मोठी, चकचकीत चाके दिसायला छान दिसतात. पण चाकाच्या कडेवरचा प्रत्येक किलो दोनदा मोजावा लागतो. एकदा गाडीबरोबर पुढे नेण्यासाठी आणि पुन्हा एकदा गरगर फिरवण्यासाठी. कडेवरच्या एका किलोला वेग द्यायला जवळजवळ दुप्पट ऊर्जा लागते. तेव्हा चाक बदलायचेच असेल तर हलके घ्यावे, निव्वळ मोठे नव्हे.

मागच्या आसाचे दाते ३.३१ ऐवजी ३.७३ चे केले तर चाकावरचे बल सुमारे १३ टक्के वाढते. सायकलच्या मागच्या चाकाला मोठे दातेरी चक्र लावल्यासारखेच हे. मात्र प्रत्येक गिअरमधला सर्वोच्च वेग तेवढाच घटतो आणि पेट्रोल जास्त जाते.

गार हवेची नळी हा प्रकार शास्त्राला धरून आहे. पाच लिटरचे हे इंजिन मिनिटाला ६५०० फेरे घेते तेव्हा दर मिनिटाला १६ घनमीटर हवा ओढते. दहा बाय दहाच्या खोलीतली सगळी हवा पावणेदोन मिनिटांत फस्त! हवा सुमारे तीन अंशांनी गार असली की तिची घनता एक टक्क्याने वाढते आणि तेवढा जास्त ऑक्सिजन इंजिनाला मिळतो. पण कारखान्यातून आलेली नळीही बहुधा बाहेरचीच हवा घेते. म्हणून प्रत्यक्षात फायदा थोडा आणि आवाज मोठा, असे पुष्कळदा होते.

सुपरचार्जर मात्र खरोखर शक्ती वाढवतो. पंपाने सायकलच्या चाकात भरावी तशी तो हवा दाबून इंजिनात भरतो. पण दाबलेली हवा तापते, ती गार करावी लागते, इंधनाचे प्रमाण नव्याने बसवावे लागते आणि इंजिन, क्लच, गिअर या सगळ्यांवर ताण येतो. हे शेवटचे पाऊल, पहिले नव्हे.

मी काय उत्तर दिले?

मी त्याला लिहिले, "पहिले काम, खाली वाक आणि टायरवरचा आकडा वाच. बाकी सगळे नंतर."

प्रत्येक टायरच्या बाजूवर एका लांबट चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन म्हणजे वर्षातला कितवा आठवडा आणि पुढचे दोन म्हणजे साल. त्याचे उत्तर चार दिवसांत आले. "सर, २३१६ आहे!" म्हणजे २०१६ सालचा २३ वा आठवडा. गाडीबरोबर आलेलेच टायर, कडक झालेले आणि झिजलेले. यादीतल्या एकाही वस्तूकडे न पाहता त्याने चार चांगले टायर घेतले, ब्रेकचे तेल आणि पॅड बदलले, आणि चाकांची अलाइनमेंट करून घेतली. पैसे संपले. पुढच्या पत्रात त्याने लिहिले, "गाडी नवी वाटते. सुपरचार्जरची आठवणही येत नाही." आणि खाली बायकोच्या हाताने एक ओळ होती, "सरांना नमस्कार."

तुम्ही करून पाहा

एक गुळगुळीत फळी घ्या. तिच्यावर रबरी तळाची जुनी, झिजलेली चप्पल ठेवा. फळीचे एक टोक हळूहळू उचला. चप्पल घसरू लागेल त्या क्षणी फळीने जमिनीशी केलेला कोन कोनमापकाने मोजा. या कोनाचा टॅन्जंट म्हणजे घर्षणांक. कोन २७ अंश असेल तर घर्षणांक सुमारे ०.५, ३५ असेल तर ०.७, ४२ असेल तर ०.९ आणि ४५ असेल तर १.०. हाच प्रयोग नव्या चपलेने करा. मग फळी ओली करून दोन्ही चपलांनी करा. चारही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा.

तुमच्या घरी अमेरिकन मस्टँग नसेल, पण स्कूटर किंवा मोटारसायकल तर असेल? तिच्या टायरवरचे चार आकडे आज संध्याकाळीच वाचा आणि बाबांना किंवा आईला टायरचे वय सांगा. मोठे झाल्यावर गाडीचे इंजिन बदलावेसे वाटले तर मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम आहे. नोंदणीच्या वेळी कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असे बदल मनाला येईल तसे करता येत नाहीत. चांगले टायर, ताजे तेल आणि ठणठणीत ब्रेक यांना मात्र कोणताही कायदा आडवा येत नाही.